धोंड्याच्या महिन्यातले दोन उंट

पोरीच्या लग्नानंतरचा पहिलाच धोंडा होता. यायच्या आधी तिने फोन केला.

"बाबा, आमी येऊन राह्यलो. जेवण झाल्यावर हे म्हणतीन, मामाजी, एक डाव होऊन जाऊ द्या बुद्धिबळाचा. तुमी खेळजा. अन् हारजा."

"हारू कायले? लहान लेकरू हाय काय तो?"

"बाबा, हारजा म्हणलं न. मले या धोंड्यात दुसरं काईच नको तुमच्याकून. साडी नको, काई नको."

मी हो म्हटलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण नीट ऐकू आलं नव्हतं किंवा समजलं नव्हतं असं पुढे म्हणायची मला सोय नको. मी स्पष्ट हो म्हटलं, फोन ठेवून बायकोला सांगितलं, आणि दोघं मिळून हसलोही.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तीनेक वर्षांनी एकदा येतो. लेक-जावयाला लक्ष्मीनारायण मानून घरी बोलवायचं, त्यांचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून वाढायचे आणि अनारशांचं वाण द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. त्या दिवशी जावई देव असतो, आणि देवासारखंच त्याला जागेवरून हलता येत नाही. ताटावरून म्हणा, बैठकीतून म्हणा, तो मध्येच उठला की गल्लीत झालंच, जावई रुसले. जावई रुसल्याची बातमी आमच्या शेलूबाजारहून मंगरुळपीरला एसटीच्या आधी पोचते. हे मला माहीत होतं आणि त्या बिचाऱ्यालाही माहीत होतं.

आमचा जावई वाशीमला औषधांचं दुकान चालवतो. सरळ माणूस आहे. पण आमच्या घरी आला की खुर्चीच्या कडेवर बसायचा, जणू गाडी लागली की लगेच उठायचं आहे. मी काही विचारलं की 'हो मामाजी', नाहीतर 'नाही मामाजी'. मला वाटायचं, एवढंच बोलता येतं तर हा दुकान कसं चालवतो? आणि मला जे वाटतं ते माझ्या तोंडावर दिसतं, असं बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. त्यालाही ते दिसत असणार. संक्रांतीला तो आला नाही, दुकान सुटत नाही म्हणाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, तेच. पोरगी एकटी यायची आणि आल्यापासून तिचा अर्धा जीव वाशीमला. नवऱ्याला आपल्या माहेरात बसवत नाही, या गोष्टीचा तिने घोर घेतला होता. तो यायचा बंद झाला की हळूहळू आपलंही येणं आटणार, ही तिची भीती. भीती खोटी नव्हती. आमच्याच गल्लीत असं माहेर सुटलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. म्हणून तिने हा बुद्धिबळाचा उपाय काढला होता, आणि त्यात माझ्या वाट्याला काम आलं होतं ते एवढंसंच.

आता माझ्या खेळाबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळी लाज तिथेच आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माईकवर गाड्या सांगणारा तो माणूस. खोलीच्या खिडकीला लागूनच पेपरचा स्टॉल होता आणि स्टॉलवाला माझा दोस्त. आमचा पट कायम खिडकीच्या फळीवर मांडलेला. अकोल्याची गाडी लागली की मी माईकवर, एखादा कंडक्टर भांडायला आला की मी त्याच्याशी, आणि उरलेल्या वेळात डाव. एक डाव कधी सकाळी सुरू होऊन दुपारच्या पाळीत संपायचा. दोस्त घोड्यांचा शौकीन. मोठमोठे बेत आखायचा, घोडा इथून उडेल, तिथे बसेल, वजीर मारेल. तेवढ्यात पुसदची गाडी यायची, गिऱ्हाइकांची झुंबड उडायची, आणि पेपर देता देता तो आपला बेत विसरून जायचा. माझ्या उंटांना बेत लागत नसे. मी परत येऊन पाहावं तर ते आपल्या तिरप्या रेघेवर तसेच बसलेले, दाब देत.

न खेळणाऱ्यांसाठी सांगतो. उंट तिरपा चालतो, आणि जन्मभर एकाच रंगाच्या घरांत फिरतो. पांढऱ्या घरातला काळ्यात कधी येत नाही. म्हणून एकटा उंट अर्ध्या पटाला आंधळा. पण दोन्ही शाबूत असले की सगळा पट त्यांच्या नजरेखाली असतो. घोड्याला जवळ जाऊन उभं राहावं लागतं. उंट आपला लांब कोपऱ्यातून काम करतो. काचेच्या खोलीत बसून गाड्या हलवणाऱ्या माणसाला असला प्राणी आवडणारच. मी काहीही देईन पण उंटांची जोडी फोडू देत नाही, हे स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं. एखादा उंट गेलाच तर मी दिवसभर माईकवर सुद्धा तुसड्यासारखा बोलायचो.

आणि माझं जिंकणं कसं, तेही सांगतो. मी घाई करत नाही. उगाच शह देत नाही. समोरच्याच्या जागा एकेक करून काढून घेतो. घोड्याला उभं राहायला घर ठेवत नाही, हत्तीला बाहेर यायला गल्ली ठेवत नाही. शेवटी त्याच्याकडे सोंगट्या जवळपास सगळ्या असतात, पण हलवावी अशी एकही नसते. जी हलवेल तिथून भिंत पडते. माझ्याकडून हरलेला माणूस आपण कुठे चुकलो ते सांगू शकत नाही. याचा मला फार अभिमान होता. म्हणजे त्या धोंड्याच्या दिवसापर्यंत तरी होता.

ते दोघं सकाळीच आले. गाडी वाशीमहून सुटायच्या आधी मी पोरीला सांगून ठेवलं होतं कोणती गाडी वेळेवर असते. ती सवय काही जात नाही. मी आणि बायकोने दोघांचे पाय परातीत धुतले. जावयाचे पाय माझ्या हातात होते. तो इतका संकोचला होता की पाय अर्धे उचलूनच धरले होते, त्यांचा भार माझ्या हातावर पडू नये म्हणून. मी म्हटलं, "टेका न पाय, जावई." तो म्हणाला, "हो मामाजी," आणि तरीही टेकले नाहीत.

जेवणं झाली. धोंडे मऊ झाले होते, तूप भरपूर होतं. माझा पेपरवाला दोस्त आता दोन गल्ल्या पलीकडेच राहतो, तो जावयाला भेटायला म्हणून आला आणि तक्क्याला टेकून बसला. पोरगी तबक पुढ्यात घेऊन विडे लावत होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात. जावयाने घसा साफ केला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "मामाजी, एक डाव होऊन जाऊ द्या."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच हो म्हटलं.

आणि मी हरणारच होतो. शपथेवर सांगतो, सुरुवातीच्या चाली मी ढिल्या खेळलो. जावई फोनवर शिकलेल्या लोकांसारखा खेळत होता, सोंगट्या भराभर बाहेर काढत, प्रत्येक चालीनंतर हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळाने त्याने आपल्या उंटाने माझा एक घोडा बांधला आणि मारून टाकला. मी प्याद्याने त्याचा उंट घेतला. हिशेबाने बरोबरी झाली. पण माझा दोस्त बाजूने ओरडला, "गेला घोडा! काय बापा, जावई तं तयार दिसून राह्यले. आज मास्तर सापडले." स्टँडवर मला सगळे मास्तर म्हणत.

जावई हसला. आमच्या घरात तो पहिल्यांदा हसला. मोठं हसू नव्हतं, ओठाच्या कोपऱ्यात जरासं. आणि त्याने लगेच पोरीकडे पाहिलं. पोरगीही विड्याचं पान हातात तसंच धरून हसली.

ते हसू मला सोसलं नाही. बस, एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला लिहायला बरं वाटलं असतं. ज्या हसण्यासाठी माझ्या पोरीने एवढी खटपट केली होती, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला वाटलं, थांब, दाखवतो तुला. माझ्याकडे दोन्ही उंट आहेत.

मी मांडी बदलून बसलो. दोस्ताने ते ओळखलं. इतक्या वर्षांत त्याने माझी मांडी बदललेली कितीदा तरी पाहिली होती. तो तक्क्यावरून सरळ होऊन बसला.

एक उंट मी कोपऱ्यात नेऊन लांबच्या तिरप्या रेघेवर बसवला. दुसरा मधोमध आणताना मात्र माझी चूक झाली. जोशात मी तो जावयाच्या घोड्याच्या टप्प्यात ठेवला. हात उचलल्याबरोबर मला दिसलं. त्याने घोड्याने तो मारला असता, मी प्याद्याने घोडा मारला असता, हिशेब पुन्हा बरोबरीचा. पण माझी जोडी फुटली असती आणि मग त्या डावात माझ्याजवळ काहीच राहिलं नसतं. जावयाचा हात घोड्याकडे गेला. दोन बोटं घोड्याच्या मानेजवळ पोचली, थांबली, आणि परत आली. त्याने एक साधं प्यादं पुढे सरकवलं.

दिसलंच नाही याला, मी मनात म्हटलं. एवढी मोठी गोष्ट समोर आणि दिसली नाही. गोळ्यांच्या पट्ट्या मोजणारा माणूस. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच्याबद्दल जी थोडीशी भीती वाटली होती, तिची जागा तुच्छतेने घेतली. हे शब्द लिहायला जड जातात, पण त्या क्षणी माझ्या मनात हेच होते.

मग मी आवळायला सुरुवात केली. त्याच्या घोड्यांसमोर प्यादी अशी लावली की त्यांना पुढे घर नाही. एक घोडा बाजूच्या रांगेत जाऊन बसला तो बसलाच. त्याचा उरलेला उंट आपल्याच प्याद्यांच्या मागे अडकला. मी शह दिला नाही. काही मारलं नाही. नुसत्या जागा घेत राहिलो. बाहेर पाऊस येऊन गेला, ओट्यावरची चिखलाची पावलं बायकोने पुसून घेतली, दोस्ताने चहा घेतला, आणि जावई एकेका चालीला जास्त जास्त वेळ लावू लागला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, चला, सोडला डाव, आणि हात मिळवून मोकळा झाला असता. स्टँडवर सगळे तसंच करायचे; माझ्या उंटांखाली कोणी शेवटापर्यंत बसत नसे. पण धोंड्याच्या दिवशी, सासऱ्याच्या बैठकीत, माझ्या दोस्तासमोर, जावई डाव सोडून उठू शकत नाही. उठला की रुसला. त्याला मात होईपर्यंत तिथे बसणं भाग होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मला घाई नव्हती.

एका टप्प्यावर मला त्याचा हत्ती फुकटात मिळत होता. मी घेतला नाही. घेतला असता तर डाव लवकर संपला असता. मी एक प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि त्याला पुन्हा विचार करायला बसवलं.

"घ्या न तो हत्ती," माझा दोस्त हळूच म्हणाला. "कायले खेचून राह्यले?"

मी त्याच्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

पोरीचे विडे कधीच लावून झाले होते. ती तबकाकडे बघत बसली होती. तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी स्टँडवर माझ्यासोबत यायची, आणि मी एखाद्या म्हातारीला तुसडेपणाने बोललो की जसं बघायची, तसंच. मला ते समजलं. समजूनही मी पुढची चाल केली.

शेवटी मात झाली. जावयाने पटाकडे बराच वेळ पाहिलं, मग राजा अलगद आडवा ठेवला. "लय छान खेळता तुमी, मामाजी," तो म्हणाला. आवाजात कडवटपणाचा मागमूस नव्हता. मी काय म्हणालो असेन? "हळूहळू येते, येते," असं काहीतरी मोठ्या मनाचं. दोस्त चपला घालून निरोप न घेता गेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यातली गरमी उतरली, आणि तिच्या जागी जी शरम आली ती अजून गेलेली नाही. सकाळी ज्याचे पाय धुतले, त्याला संध्याकाळपर्यंत मी त्याच जागेवर बांधून कुटला होता.

मी घाबरून म्हटलं, "अजून एक डाव टाकू, जावई?" या खेपेला हरायचंच, असं मनाशी ठरवून. तो घड्याळाकडे पाहत म्हणाला, "नको मामाजी, गाडीची वेळ झाली." गाडीला अजून वेळ होता. हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

बायकोने वाण दिलं. जावई पुढे होऊन रस्त्यावर उभा राहिला. पोरगी पाया पडली आणि उठताना माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, म्या एकच गोष्ट मांगतली होती."

मी म्हटलं, "बाई, खेळता खेळता राहून गेलं."

"संक्रांतीपासून शिकून राह्यले ते. दुकान बंद करून आले का फोन घेऊन बसत. म्हणत, तुह्या बाबासंगं बसाले काईतरी पाह्यजे न."

ती गेली. मी ओट्यावर उभा राहिलो. गल्लीच्या तोंडाशी जावयाने मागे वळून हात जोडले, तेही नीट, दोन्ही हातांनी, पिशवी खांद्याला अडकवून.

त्या रात्री बायकोने मला वाढलं पण माझ्यासोबत जेवली नाही. सकाळी भाजी चिरताना म्हणाली, "तुमी कोनाले मारत नाई, शिव्या देत नाई, दारू पेत नाई. लोक म्हणतेत, काय चांगला मानूस हाय. पन तुमी मानसाले हलाले जागाच ठेवत नाई." ती फक्त जावयाबद्दल बोलत नव्हती, हे मला कळत होतं.

दिवाळी आली. पोरीचा फोन आला की औंदा इकडंच करतो, दुकानाचं काम आहे. तिच्या आवाजात राग असता तर मी समजूत काढली असती. राग नव्हता. नुसतं सांगणं होतं, जसं आपण लांबच्या नातेवाइकाला सांगतो. बायकोने फराळ केला आणि डबा भरून फडताळात ठेवला. कोणाकडून पाठवावा हे तिने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पट मी माळ्यावर टाकला. दोस्त एकदा येऊन गेला, त्यानेही पटाची चौकशी केली नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी तो डबा उचलला आणि बायकोला म्हटलं, "बीपीची गोळी आणाले वाशीमले जातो." बीपीची गोळी शेलूबाजारात चार पावलांवर मिळते. ती म्हणाली, "जा."

गाडीत बसल्यावर माफी मागायचे शब्द जुळवत होतो. सासऱ्याने जावयाची माफी मागायची असते का, आणि कोणत्या शब्दांत, हे मला कोणी शिकवलेलं नाही. 'चुकलं माझं' म्हणावं तर तो बिचारा माझ्याच पाया पडेल आणि गोष्ट तिथेच मिटून जाईल. मग मी ठरवलं, काही बोलायचं नाही, डबा द्यायचा, गोळी घ्यायची आणि बसायचं थोडा वेळ त्याच्याजवळ. तो जसा माझ्या घरी बसत होता, तसं खुर्चीच्या कडेवर.

दुकानात गर्दी नव्हती. जावई काउंटरमागे मान खाली घालून फोनमध्ये गुंतला होता. मी समोर उभा राहिलो तरी त्याला कळलं नाही. फोनवर पट होता. उलटा दिसत असूनही मी तो ओळखला. बाजूच्या रांगेत अडकलेला घोडा, प्याद्यांमागे कोंडलेला उंट, आणि समोर लांबच्या रेघांवर माझे दोन्ही.

"मामाजी!" तो दचकून उभा राहिला. "तुमी कायले आले? फोन केला असता तं गोळी पाठवून देली असती."

त्याने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला, डबा दोन्ही हातांनी घेतला. मी फोनकडे बोट दाखवलं. तो ओशाळला, जणू चोरी सापडली. म्हणाला, "तोच डाव लावतो कवा कवा. गिऱ्हाईक नसलं का. समोरून फोन खेळते तुमच्या जागी. पन मले काई निंगता नाई येत त्यातून."

म्हणजे मी ज्याला मात झाली समजलो, तो अजूनही तिथेच बसलेला होता. निदान इथे तरी उपयोगी पडावं म्हणून मी म्हटलं, "इथून नाई निंगता येत. मागं जा. अजून मागं. तो माह्या काळ्या घरातला उंट मधात आला न, तिथी. हं. इथी घोड्यानं तो मारून टाकाचा होता. घोडा जाते तं जाऊ द्याचा. मंग माह्याजवळ काईच राह्यलं नसतं."

तो स्क्रीनवरून मान न उचलता म्हणाला, "हे मले तवाच दिसलं होतं, मामाजी."

"दिसलं होतं?"

"हो."

"मंग मारला काहून नाई?"

तो काउंटरवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या नीट लावू लागला. "तिनं सांगतलं होतं घरून निंगताना. बाबाच्या उंटाले हात लावू नोका म्हणे. बाबाचा लय जीव हाय त्याच्यावर. उंट गेला का बाबाचं तोंड उतरते, दिवसभर मंग कोनासंगं बोलत नाई."

चहा आला. मी ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून बसलो. पोरीने दोघांना एकेक गोष्ट सांगितली होती. माझं जिंकणं हातात होतं, ते मला सोडवलं नाही. त्याची सुटका दोन बोटांवर होती, ती त्याने सोडली, आणि मग सगळी दुपार त्याची शिक्षा माझ्याकडून भोगली, एका शब्दाने न सांगता. आणि मी मनात म्हटलं होतं, दिसलंच नाही याला. मला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

"आता मारा," मी म्हटलं. "मारा न. माह्यासमोर मारा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खरंच म्हणतोय का ते बघत. बोट घोड्यापर्यंत नेलं. मग मान हलवून फोन बाजूला ठेवला. "तुमी बसले असताना नाई, मामाजी," म्हणाला आणि हसला. तेच हसू, ओठाच्या कोपऱ्यातलं. तेवढ्यात एक बाई लेकराला कडेवर घेऊन खोकल्याचं औषध मागायला आली, आणि तो तिच्याकडे वळला.

गोळी घेऊन मी निघालो. परतीची गाडी सुटायला वेळ होता, पण मी स्टँडकडे न जाता पोरीच्या घराकडे वळलो. दार तिनेच उघडलं. मला पाहून तिचा चेहरा आधी घाबरला, आईला काही झालं की काय म्हणून. मी चपला काढल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हटलं, "बाई, म्या हारलो तुह्या नवऱ्याकून."

"कवा?" ती म्हणाली. "आता? दुकानात?"

"नाई," मी म्हटलं. "धोंड्यातच. मले आज समजलं."